समोरचा दात जातो तेव्हा: सोन्याच्या तारेपासून टायटॅनियमच्या स्क्रूपर्यंत

गेल्या दिवाळीनंतर नळदुर्गचा एक तरुण वडिलांबरोबर माझ्याकडे आला. वय सव्वीस. लग्न ठरलेलं, तारीख सहा आठवड्यांवर. वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी डावा दात काळपट पडला होता. हिरडीवर बारीक पुळी होती आणि दाबलं की तिच्यातून पू यायचा. तेराव्या वर्षी किल्ल्यात खेळताना पायरीवर तोंडावर आपटला होता. तेव्हा दात तुटला नाही, नुसता हलला, म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. वर्षभराने दुखायला लागल्यावर रूट कॅनाल झालं. त्यानंतरची बारा वर्षं त्या दाताने कशीबशी काढली. आता एक्स-रेमध्ये मूळ उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. दात वाचणार नव्हता.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. मोबाइलवर त्याने ‘एका दिवसात दात’ अशी जाहिरात पाहिली होती. “आजच काढा, आजच स्क्रू घाला, वर कॅप लावा. लग्नात तोंड मिटून फोटो काढायचे नाहीत मला.”

वडिलांची काळजी वेगळी होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, वरचा दात आहे. काढल्यावर डोळ्याला काही होणार नाही ना?”

हे दोन्ही प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागतात, आणि दोन्हींची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाहीत. त्यांच्या मागे बराच जुना इतिहास आहे. तो माहीत असला तर डॉक्टर ‘थांबा’ का म्हणतो हे लवकर कळतं. म्हणून त्या दोघांची परवानगी घेऊन हा लेख लिहितो आहे.

आधी डोळ्याचं बघू

‘वरचा दात काढला की नजर जाते’ हे वाक्य आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तुम्हीही ऐकलं असेल. ही समजूत अडाणीपणातून आली असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तिचा उगम थेट सुश्रुतसंहितेत सापडतो. सुश्रुत सांगतो की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, कारण त्यातून फार रक्त जातं, आणि त्या रक्तस्रावातून माणूस एका डोळ्याने अधू होऊ शकतो किंवा त्याचं तोंड वाकडं होऊ शकतं.

त्या काळाचा विचार करा. भूल नाही, निर्जंतुक हत्यारं नाहीत, प्रतिजैविकं नाहीत. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, रक्ताने भरलेलं. पू झालेला दात ओढून काढल्यावर एखाद्याचा चेहरा सुजला, संसर्ग वर चढला, डोळा गेला, असं वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिलं असणार. निरीक्षण बहुधा खरं होतं, पण दोष दात काढण्याला लागला. आज आपल्याला माहीत आहे की दाताची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. दात काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाताच्या मुळाशी पू साठवून ठेवला तर तो संसर्ग चेहऱ्याच्या शिरांमधून डोळ्याच्या मागे आणि क्वचित मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणजे डोळ्याच्या भीतीने सडका दात ठेवणारा माणूसच डोळ्याला जास्त धोका देत असतो.

त्याच सुश्रुताने मार लागून हललेल्या दाताबद्दल जे सांगितलंय ते मला नेहमी थक्क करतं. तरुण माणसाचा दात हलला पण तुटला नसेल तर साकळलेलं रक्त दाबून काढावं, बाहेरून थंड लेप द्यावा, दात रुजू द्यावा, आणि रोग्याने कमळाच्या देठातून दूध प्यावं. म्हणजे स्ट्रॉ! दाताला धक्का लागू नये म्हणून. वृद्धाचे हलणारे दात मात्र रुजवण्याच्या फंदात पडू नये, असंही तो सांगतो. तरुणात रुजेल, म्हाताऱ्यात रुजणार नाही, हा फरक त्याला कळलेला होता.

माझ्या रोग्याच्या तेराव्या वर्षी कुणी एवढं केलं असतं तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता. मुलांच्या समोरच्या दाताला मार लागला, नुसता हलला तरी, त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवा. पक्का दात पूर्ण निखळून हातात आला तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाने धरा आणि थंड दुधात बुडवून तासाभराच्या आत पोचा. जितकं लवकर तितकं चांगलं. पहिला अर्धा तास सोन्याचा. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नसतो.

नळदुर्गच्या सुलतानाच्या दरबारातली एक नोंद

नळदुर्गला तुम्ही पावसाळ्यात गेला असाल तर बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून पडणारे नर आणि मादी धबधबे पाहिलेच असतील. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. तो १६१३ मध्ये बांधला गेला, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत. हा सुलतान गाणारा, वाद्यं वाजवणारा, विद्वानांना आश्रय देणारा. त्याच्या पदरी मुहम्मद कासिम फरिश्ता नावाचा इतिहासकार होता. फरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, १५८९ मध्ये विजापूरला आला, आणि इब्राहिमच्या सांगण्यावरून त्याने हिंदुस्थानातल्या मुसलमानी राजवटींचा मोठा इतिहास फारसीत लिहिला. वैद्यकातही त्याला रस होता. हिंदुस्थानी औषधपद्धतीवर ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे.

दातांच्या इतिहासात फरिश्ता का यावा? कनौजच्या राजा जयचंदामुळे. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत जयचंद मुहम्मद घोरीच्या सैन्याकडून मारला गेला. रणात प्रेतांचा खच. राजा कोणता हे ओळखू येईना. फरिश्ता लिहितो की शेवटी प्रेताची ओळख पटली ती सोन्याने पक्क्या केलेल्या कृत्रिम दातांवरून.

आता फरिश्ता या लढाईनंतर चारशे वर्षांनी लिहीत होता. पण हीच हकीकत इब्न अल-असीर या अरब इतिहासकाराकडेही आहे, आणि तो त्या लढाईच्या वेळी जिवंत होता. त्याच्या नोंदीत एक बारीकसा फरक आहे. तिथे राजाचे दात मुळाशी कमकुवत झालेले आणि सोन्याच्या तारेने एकमेकांना बांधलेले होते, असं येतं. कृत्रिम दातांचा उल्लेख नाही.

इतिहासकाराला हा फरक किरकोळ वाटेल. दंतवैद्याला नाही वाटत! पहिल्या नोंदीप्रमाणे राजाला खोटे दात होते. दुसऱ्या नोंदीप्रमाणे त्याला पायोरिया होता, म्हणजे हिरड्यांच्या आजाराने स्वतःचेच दात हलत होते आणि कुणा कुशल कारागिराने ते शेजारच्या दातांना तारेने बांधून टिकवले होते. मला दुसरी शक्यता जास्त पटते. वयस्क माणसाच्या मुळाशी सैल झालेल्या दातांचं ते अचूक वर्णन आहे. बांधलेला दात पुढे चारशे वर्षांत सांगता सांगता खोटा दात झाला असावा. (दात बांधणारा बहुधा सोनार असणार. दाताचं काम सोनाराकडे, न्हाव्याकडे किंवा लोहाराकडे जाणं हे जगभर चालत आलेलं आहे.)

दोन्हींपैकी काहीही खरं असो, उपाय एकच होता: पडणाऱ्या दाताला शेजाऱ्याच्या आधाराने उभं ठेवायचं. याची एक मोठी अडचण आहे. शेजारीही कमजोर असला तर दोघेही पडतात. ही अडचण पुढची जवळजवळ आठशे वर्षं सुटली नाही. काढता-घालता दात घ्या किंवा दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बसवलेला ब्रिज घ्या, आधार शेजाऱ्याचाच किंवा हिरडीचाच असतो.

शिंपला, दुसऱ्याचा दात आणि सोनं

दात गेलेल्या खड्ड्यातच काहीतरी रोवावं, ही कल्पनाही जुनी आहे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात १९३१ मध्ये उत्खननात एक खालचा जबडा सापडला. साधारण इसवी सन ६०० चा, माया संस्कृतीच्या काळातला. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी दातासारखे घासलेले शिंपल्याचे तुकडे होते. बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की मेल्यावर सजावट म्हणून बसवले असतील. १९७० मध्ये ब्राझीलच्या अमादेओ बोब्बियो यांनी त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा शिंपल्यांभोवती नवं घट्ट हाड तयार झालेलं दिसलं. मेलेल्या माणसात हाड वाढत नाही. म्हणजे तो माणूस जिवंत असताना ते बसवले गेले होते आणि शरीराने ते स्वीकारले होते. हे नेमकं कसं जमलं असेल याचा विचार करत मी बऱ्याचदा बसलो आहे.

युरोपने मात्र अठराव्या शतकात एक लाजिरवाणा मार्ग धरला. लंडनचा प्रख्यात शल्यचिकित्सक जॉन हंटर याने १७७१ मध्ये मानवी दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि एका माणसाचा दात दुसऱ्याच्या खड्ड्यात बसवण्याचा पुरस्कार केला. एक मानवी दात त्याने कोंबड्याच्या तुऱ्यात रुजवूनही दाखवला होता. मग काय, श्रीमंतांच्या समोरच्या दातांसाठी गरिबांची पोरं रांगेत बसू लागली. दात उपटून चार नाण्यांना विकायचा. हे दात थोडी वर्षं टिकत आणि मग शरीर त्यांची मुळं विरघळवून टाकी. काही रोग्यांना दाताबरोबर गुप्तरोगही आल्याच्या तक्रारी झाल्या. हळूहळू ती फॅशन ओसरली.

१८०९ मध्ये मॅजिओलो नावाच्या दंतवैद्याने नुकत्याच काढलेल्या दाताच्या खड्ड्यात सोन्याचं मूळ बसवलं आणि वरचा दात नंतर लावायचा ठेवला. आजच्या पद्धतीशी हे किती जुळतं बघा. पण सोन्याभोवती हाड धरत नव्हतं. सूज यायची, पू व्हायचा. पुढच्या दीडशे वर्षांत शिसं, चांदी, प्लॅटिनम, चिनीमाती, जे हाताला लागेल ते जबड्यात ठोकून पाहिलं गेलं. १९३० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनच्या आल्विन स्ट्रॉक यांनी व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू बसवले आणि त्यातले काही बरीच वर्षं टिकले. पण कोणता टिकेल आणि कोणता निघेल, हे आधी सांगता येत नव्हतं. रोग्याला आपण ‘बघू, लागला तर लागला’ असं सांगून चालत नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं

हे सगळं होत असताना नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं. हिंदुस्थानातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढलं. दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा मार्च १९४८ मध्ये आला. तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात विलीनही झालेलं नव्हतं. ते त्याच वर्षी १७ सप्टेंबरला झालं. त्यामुळे आपल्या भागातल्या दोन पिढ्यांचे दात पदवीधर डॉक्टरने पाहिलेच नाहीत. दात दुखला की लवंग, तुरटी, दोरा, नाहीतर गावातला दात उपटणारा.

माझ्या लहानपणी खंडोबाच्या यात्रेत एक दातवाला बसायचा. सतरंजीवर काढलेल्या दातांचा ढीग, शेजारी काचेच्या डबीत तयार दात. गिऱ्हाईक समोर बसलं की गेलेल्या दाताच्या जागी पावडर आणि द्रव कालवून लगदा भरायचा, त्यात एक दात टोचायचा, तार शेजारच्या दातांना गुंडाळायची. दहा मिनिटांत दात हजर. जयचंदाचीच पद्धत, पण सोनाराची सफाई वजा. तो लगदा हिरडीवर घट्ट बसलेला असल्यामुळे साफ करता येत नसे. खाली अन्न कुजायचं, हिरडी सुजायची, आणि दोन-तीन वर्षांत एका दाताबरोबर दोन्ही शेजारीही जायचे. असे ‘फिक्स’ दात लावलेले लोक आजही येतात. ते काढताना निघणारा वास मी इथे वर्णन करत नाही.

रस्त्यावरच्या त्या माणसाला मी फार दोष देत नाही. लोकांना समोरचा दात आजच्या आज, परवडेल त्या पैशात हवा होता आणि तो देणारा तेवढाच होता. सव्वीस वर्षांच्या माझ्या रोग्यालाही तेच हवं होतं.

सशाच्या पायात अडकलेला धातू

खरं वळण दंतवैद्यकाच्या बाहेरून आलं. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर हाडातला रक्तप्रवाह कसा चालतो याचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या कवचातली बारीक दुर्बीण बसवली. प्रयोग संपल्यावर ती महागडी वस्तू काढून पुन्हा वापरायची होती. पण ती निघेचना! हाड धातूला असं धरून बसलं होतं की काढायला गेलं तर हाड तुटावं.

दुसरा कुणी असता तर वैतागून नवी मागवली असती. ब्रोनेमार्क यांनी दुर्बीण बाजूला ठेवून त्या न निघण्याचाच अभ्यास सुरू केला. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेत आपोआप एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर येतो. हाडाच्या पेशींना तो थर परका वाटत नाही. धातू आणि हाड यांच्यामध्ये सहसा तयार होणारी मऊ पेशींची गादी तिथे होत नाही, हाड थेट धातूला भिडतं. (या धातूचं एक खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं.)

१९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या चौतीस वर्षांच्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले. जन्मतः टाळू दुभंगलेला, जबड्यात व्यंग, खाली दात नाहीत. बोलणं आणि जेवणं दोन्ही कठीण. २००६ मध्ये लार्सन वारले तेव्हाही, चाळीस वर्षांनंतर, ते स्क्रू त्यांच्या जबड्यात काम करत होते.

तरी जगाने लगेच विश्वास ठेवला नाही. इतक्या शतकांच्या फसव्या प्रयोगांनंतर ते साहजिकच होतं. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर यांनी स्वतंत्रपणे हाड आणि धातूचा थेट संपर्क सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, आणि १९८२ मध्ये टोरंटोच्या परिषदेत ब्रोनेमार्क यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या. त्यानंतर इम्प्लांटला दंतवैद्यकात मान्यतेची जागा मिळाली.

ब्रोनेमार्क यांचं वेळापत्रक फार कडक होतं. दात काढल्यावर खड्डा पूर्ण भरू द्यायचा. मग स्क्रू बसवून तो हिरडीखाली झाकून ठेवायचा. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात जवळपास सहा महिने त्याला हातही लावायचा नाही. त्यानंतर वरचा दात. मॅजिओलोपासून सगळ्यांना नडलेली गोष्ट त्यांना कळली होती: हाडाला काम करायला शांतता लागते. रोवल्या रोवल्या रोज हलवून पाहिलेली कलम जगत नाही.

मग हा ‘एका दिवसात दात’ कुठून आला?

तोही खोटा नाही. १९७० च्या दशकात जर्मनीत ट्युबिंगेनच्या विली शुल्टे यांनी दात काढल्याबरोबर त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवण्याची पद्धत आणली. पुढे टायटॅनियमचे स्क्रूही तसे बसवले जाऊ लागले. त्या वेळी अनेकांना वाटत होतं की ताबडतोब इम्प्लांट बसवलं तर खड्ड्याभोवतीचं हाड टिकून राहील. हा समज २००५ मध्ये मोडला. ब्राझीलचे आराउजो आणि स्वीडनचे लिंडे यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की इम्प्लांट घाला किंवा घालू नका, ओठाकडच्या बाजूची हाडाची भिंत खचतेच.

कारण समजून घ्या, सगळा लेख इथे येऊन थांबतो. आपल्याला वाटतं की हाड दाताला धरून ठेवतं. ते खरंच आहे, पण दातही हाडाला धरून ठेवतो. मुळाभोवती असंख्य बारीक तंतू असतात. ते ज्या पातळ हाडात रुतलेले असतात ते हाड दातासाठीच असतं, दातातूनच त्याचं पोषण आणि काम चालतं. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर ते शोषून घेतं. दाढांकडे भिंत जाड असते, थोडं हाड गेलं तरी भागतं. समोरच्या वरच्या दातांना ओठाकडची भिंत बहुतेकांमध्ये १ मिलिमीटरहून पातळ असते. बऱ्याच ठिकाणी ती पूर्णपणे त्या दातासाठीच्या हाडाचीच असते. ती गेली की हिरडी वर सरकते, शेजारच्या दातापेक्षा नवा दात लांब दिसतो, किंवा हिरडीतून धातूची करडी छटा डोकावते. इम्प्लांट पक्कं असतं, पण हसताना तोंडावर हात जातो. मग उपयोग काय?

म्हणून समोरच्या दाताच्या बाबतीत मी स्क्रूच्या कंपनीपेक्षा त्या भिंतीची चौकशी आधी करतो. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेत ओठाकडची भिंत दिसत नाही. भिंत अखंड आणि पुरेशी जाड असेल, पू वाहत नसेल, मुळाच्या टोकापलीकडे स्क्रूला पकड मिळेल एवढं हाड असेल, तर दात काढल्याच दिवशी इम्प्लांट बसवता येतं आणि काही रोग्यांना तात्पुरता दातही त्याच दिवशी देता येतो. असे रोगी मी केले आहेत. त्यांचे निकाल छान आहेत. पण निवडून केले आहेत.

अठरा-वीस वर्षांच्या आतल्या मुलांना मी इम्प्लांट करत नाही. शेजारचे दात जबड्याबरोबर वाढत राहतात, इम्प्लांट जागेवरच राहतं, आणि काही वर्षांनी ते आत बुडाल्यासारखं दिसतं. तंबाखू, गुटखा, विडी आणि आपल्याकडच्या बायकांची मिश्री यांनी हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो, हे स्पष्ट सांगतो. साखर जास्त असेल तर आधी ती आटोक्यात. आणि इम्प्लांट प्रत्येकाला लागतंच असं नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज हा चांगला, स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे.

त्या तरुणाचं काय झालं

स्कॅनमध्ये ओठाकडची भिंत जवळजवळ नव्हतीच. बारा वर्षांच्या पुवाने ती खाल्ली होती. त्याच दिवशी स्क्रू घातला असता तर तो कदाचित धरलाही असता, पण दोन वर्षांत हिरडी खचून लग्नाच्या अल्बममध्ये नाही तरी बारशाच्या फोटोत दिसलंच असतं. मी त्याला नाही म्हटलं. तो चिडला. चिडणारच.

मग आम्ही जे केलं ते फरिश्त्याला ओळखू आलं असतं. लग्नाच्या तीन आठवडे आधी दात हळुवार काढला, खड्डा साफ केला. काढलेल्या त्याच्याच दाताचं मूळ कापून टाकलं, वरचा भाग आतून स्वच्छ करून उजळवला आणि ग्लास फायबरच्या पट्टीने मागच्या बाजूने दोन्ही शेजारच्या दातांना चिकटवला. शेजारचे दात घासले नाहीत. सोन्याची तार नाही, पण आधार शेजाऱ्याचाच. सफरचंद, भुट्टा, उसाचं कांडं यांना सक्त मनाई केली. लग्नाचे फोटो मी पाहिले. स्वतःचाच दात असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दात काढल्यापासून आठ आठवड्यांनी हिरडी नीट भरली, तेव्हा इम्प्लांट बसवलं, बाहेरच्या बाजूला हाडाची भुकटी आणि वर पडदा घालून गेलेली भिंत उभी केली, आणि शिवून टाकलं. तो चिकटवलेला दात परत लावला. आता साडेचार महिने झालेत. आणखी महिनाभराने पकड तपासून कॅपचं माप घेऊ.

परवा तपासणीला आला तेव्हा वडीलही बरोबर होते. मुलाचं झाल्यावर ते उठले नाहीत. त्यांची स्वतःची वरची एक दाढ दोन वर्षांपासून हलत होती, डोळ्याच्या भीतीने ठेवली होती. “पोराचे डोळे तर ठणठणीत आहेत,” म्हणाले, “आता माझी काढा.” तोंड उघडलं तर हिरडीतून पू येत होता. रक्तातली साखर तपासायला पाठवलंय. आकडा बरा आला तर मंगळवारी काढू.